ब्रेकचे पार्ट : कंपनीचे की बाहेरचे?

गेल्या डिसेंबरमध्ये हिवाळी सुट्टीला जाताना आमची गाडी डोंगरातल्या एका वळणावर कठड्याला धडकली. सुट्टीनंतर हाऊसमध्ये ज्यांनी विचारले त्यांना मी "ब्रेक लागला नाही" एवढेच सांगितले. ते खरे होते, पण अर्धेच. गाडीत ते ब्रेक बसवायला मीच सांगितले होते. या लेखात मी ब्रेकच्या पार्टबद्दल जे शिकलो ते लिहितो आणि राहिलेले अर्धे खरेही सांगतो. हे मराठी पानावर लिहिण्याचे कारण म्हणजे माझी मामी आपल्या मासिकातले एवढेच एक पान शेवटपर्यंत वाचते.

त्या सकाळी काय झाले

माझे मामा चंडीगडला नोकरी करतात आणि इथे तेच माझे लोकल गार्डियन आहेत. त्यांच्याकडे टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. ती रेसची गाडी नाही, पण शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती दहा सेकंदांच्या आत घेते. मागच्या मिडटर्मला मामा म्हणाले, "अरे, पॅड संपत आलेत. तू एवढं गाड्यांचं वाचत असतोस, सांग कोणते घालू?" मला कोणीतरी तज्ज्ञ म्हणून विचारतोय याचाच मला फार आनंद झाला. मी ट्रॅकवर वापरतात तसले पॅड आणि भोके पाडलेल्या डिस्क सुचवल्या. पॅडच्या खोक्यावर ७०० अंश तापमानाचा आकडा होता. डिस्क रेसच्या गाडीसारख्या दिसत होत्या. मामांनी माझ्यावर विश्वास ठेवून दोन्ही बसवून घेतले.

चंडीगडच्या गर्दीत पॅडचा थोडा आवाज यायचा आणि चाकांवर काळी धूळ बसायची. मामांना वाटले, नवीन आहेत, सेट होतील. सुट्टीच्या आदल्या दिवशी मामा, मामी आणि सहा वर्षांची चिऊ मला न्यायला वर आले. चढावर ब्रेक फारसा लागतच नाही, त्यामुळे तेव्हाही काही कळले नाही. गाडी रात्रभर बाहेर उभी होती. सकाळी सातला आम्ही निघालो. रस्ता कोरडा होता, बर्फ किंवा दहिवर नव्हते. पहिल्याच मोठ्या हेअरपिन वळणाआधी मामांनी नेहमीसारखा ब्रेक दाबला आणि गाडीचा वेग जेमतेम कमी झाला. त्यांनी पूर्ण जोर लावला तेव्हा ती हळू झाली, पण तोपर्यंत नाक कठड्याला लागले होते. बंपर फुटला, एक दिवा गेला. चिऊचा ओठ पुढच्या सीटवर आपटला आणि रक्त आले. कठड्यापलीकडे काय होते ते या रस्त्याने येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

पुढच्या चार-पाच वळणांनंतर तेच ब्रेक जोरात लागू लागले, जणू काही झालेच नव्हते. मामी दिवसभर म्हणत होती, "बाहेरचे स्वस्तातले पार्ट घातले की असंच होणार." पार्ट स्वस्त नव्हते, कंपनीच्या पार्टपेक्षा महाग होते. मामा एवढेच म्हणाले, "मीच घालून घेतले." माझे नाव त्यांनी घेतले नाही. मीही बोललो नाही.

उस्तादांनी काय सांगितले

सुट्टीनंतर मी आपल्या एमटी सेक्शनच्या उस्तादांना विचारले की चांगले पॅड अचानक कसे निकामी होतात. त्यांनी दोनच प्रश्न केले. गाडी रात्री थंडीत उभी होती का? आणि पुढे जाऊन ब्रेक ठीक झाले का? मी दोन्हीला हो म्हणालो. उस्ताद म्हणाले, "पॅड खराब नहीं थे. ये पॅड रेस के हैं, सुबह की ठंडी गाडी के नहीं."

पॅडमधला मसाला हे अनेक पदार्थांचे मिश्रण असते. त्यात धातूचे तंतू, ग्रॅफाइट, खरखरीत पूड आणि हे सगळे धरून ठेवणारे रेझिन असते. कोणत्या मिश्रणाची पकड कोणत्या तापमानाला सगळ्यात चांगली, हे बनवणारा ठरवतो. रस्त्यासाठीचे पॅड शून्य अंशालाही धरतात, पण फार तापले की त्यांची पकड कमी होते. ट्रॅकचे पॅड प्रचंड उष्णतेत टिकतात, पण थंड असताना त्यांची पकड कमी असते. फॉर्म्युला वनच्या गाड्यांचे कार्बन ब्रेक तर काही शे अंश तापल्याशिवाय नीट कामच करत नाहीत. म्हणून शर्यत सुरू होण्याआधीच्या फेरीत चालक टायरसोबत ब्रेकही तापवून घेतात. आमच्या गाडीला तापवायची फेरी मिळाली नव्हती. पहिले वळण हीच आमची फेरी होती.

खोक्यावरचा ७०० अंशांचा आकडा खोटा नव्हता. मी फक्त वरचा आकडा वाचला. खालचा आकडा किती, हे मी विचारलेच नाही.

ब्रेक म्हणजे उष्णतेचा हिशेब

मग मी फिजिक्सच्या वहीत हिशेब मांडला. ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलतो. ही ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. माणसांसह गाडी १५०० किलोची धरली आणि वेग ताशी १०० किलोमीटर असला, तर ती सुमारे ५.८ लाख जूल होते. वेग निम्मा केला तर ऊर्जा निम्मी नाही, चौथाई होते. थांबताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून साधारण ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात. पुढची एक डिस्क सहा किलोची धरली तर एकदा थांबण्यात ती ६५ ते ७० अंशांनी तापते. लागोपाठ सात-आठ वेळा असे थांबलो आणि गार व्हायला वेळ दिला नाही, तर आकडा ५०० च्या आसपास जातो.

आता आपला उतार बघा. शाळेपासून कालक्यापर्यंत मधले चढ-उतार सोडून आपण सुमारे १६०० मीटर खाली जातो. १५०० किलोच्या गाडीसाठी ही ऊर्जा सुमारे २.३५ कोटी जूल होते. म्हणजे ताशी १०० च्या वेगातून चाळीस वेळा थांबण्याइतकी! त्यातला काही भाग हवेचा विरोध आणि टायर घेतात. खालच्या गिअरमध्ये उतरलो तर मोठा भाग इंजिन घेते. टॉप गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये उतरलो तर जवळपास सगळा बोजा ब्रेकवर येतो. म्हणून चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे, असे उस्ताद सांगतात.

ब्रेक तापून बिघडण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते पायाला वेगवेगळे कळतात. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅडची पकड गेलेली असते. पेडल मऊ होऊन खाली जाते, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोहोचत नाही. आमचे पेडल कडक होते, पण पॅड तापल्यामुळे नाही, थंड असल्यामुळे.

कंपनीचा पार्ट म्हणजे काय

गाडीची कंपनी बहुतेक वेळा पॅड स्वतः बनवत नाही. ते ब्रेक बनवणाऱ्या कंपन्यांकडून येतात. इटलीतल्या बर्गामोजवळ १९६१ साली सुरू झालेली ब्रेंबो फेरारी आणि पोर्शेसाठी ब्रेक बनवते आणि बाजारात स्वतःच्या नावानेही विकते. आपल्याकडे चेन्नईची ब्रेक्स इंडिया गाड्यांच्या कारखान्यांना माल देते आणि दुकानांतही विकते. म्हणजे 'कंपनीचा' आणि 'बाहेरचा' हे दोन पार्ट कधी कधी एकाच कारखान्यातून निघालेले असतात. पण कारखाना एक असला तरी आतला मसाला एकच असेल असे नाही, हे लक्षात ठेवायला हवे.

मग कंपनीच्या पार्टचे वेगळेपण कशात? तो त्या गाडीसाठी ठरवलेला असतो. पॅडची पकड, डिस्कचा आकार, कॅलिपरचा पिस्टन, मास्टर सिलिंडर, बूस्टर, एबीएस आणि पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी हे सगळे एकत्र जुळवलेले असते. थंडीत, पावसात, भरलेल्या गाडीत आणि तापलेल्या अवस्थेत त्याची चाचणी होते. पुण्यात १९६६ पासून असलेली एआरएआय ही संस्था आपल्या देशात गाड्यांच्या अशा चाचण्या करते. कंपनीचा पार्ट कोणत्याही एका गोष्टीत अव्वल नसतो. आपल्या हाऊसमधल्या ऑलराउंडरसारखा तो असतो. धावण्यात पहिला नाही, पोहण्यात पहिला नाही, पण कुठेही उभा केला तरी नापास होत नाही. रोजच्या गाडीला असाच खेळाडू लागतो.

बाहेरचे पार्ट तीन प्रकारचे

पहिला प्रकार म्हणजे मूळ पार्टच्या बरोबरीचा बदली पार्ट. युरोपमध्ये यासाठी आर९० नावाचा नियम आहे. त्यानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वेगळी असता कामा नये, कमीही नाही आणि जास्तही नाही. जास्त का नको, हा प्रश्न मलाही पडला होता. पुढचेच ब्रेक फार जास्त धरायला लागले तर पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी बिघडते, म्हणून. अशा पॅडवर 'ई' अक्षराच्या मंजुरीच्या शिक्क्याबरोबर '९०आर' छापलेले असते. रोजच्या गाडीत हे बिनधास्त वापरता येतात.

दुसरा प्रकार म्हणजे एखादा गुण वाढवलेला पार्ट. इथे प्रत्येक वाढीला किंमत असते. जास्त उष्णता सहन करणारा पॅड थंडीत कमी धरतो, आवाज करतो, धूळ सोडतो आणि डिस्क लवकर झिजवतो. भोके पाडलेली डिस्क हलकी असते आणि पावसाचे पाणी लवकर झटकते. पण भोकांच्या कडेला भेगा सुरू होऊ शकतात, आणि वजन कमी म्हणजे उष्णता साठवायला लोखंडही कमी. खाचा असलेली डिस्क पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवते, पण पॅड थोडा लवकर खाते. स्टीलच्या जाळीचे होज दाबाखाली कमी फुगतात, त्यामुळे पेडल घट्ट लागते. पण गाडी त्यामुळे फार आधी थांबते असे नाही.

मोठ्या डिस्कबद्दल तर माझा सगळ्यात मोठा गैरसमज होता. मला वाटायचे, डिस्क मोठी म्हणजे गाडी लवकर थांबणार. पण गाडीला शेवटी थांबवतो तो टायर. जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली एबीएसची थरथर जाणवत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. तिथे मोठी डिस्क पहिल्या थांबण्यात काही मिळवून देत नाही. तिचा फायदा दहाव्या थांबण्यात दिसतो, कारण ती कमी तापते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी चांगल्या टायरवर आणि ताज्या ब्रेक ऑइलवर करावेत.

तिसरा प्रकार म्हणजे नकली पार्ट. खोके हुबेहूब कंपनीचे, आत काय आहे ते कोणालाच माहीत नाही. तो ना कंपनीचा, ना बाहेरचा, तो फक्त धोका. छपाई पुसट असेल, बॅच नंबर नसेल, दुकानदार पक्के बिल देत नसेल, तर तो पार्ट घेऊ नये.

पॅडच्या कडेला छापलेल्या ओळीत शेवटी 'एफएफ' किंवा 'जीजी' अशी दोन अक्षरेही दिसतात. ती पकडीची असतात. 'ई' म्हणजे घर्षण गुणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर साधारण तापमानाचे, दुसरे तापलेल्या पॅडचे. 'एफई' दिसले तर समजावे की तापल्यावर पकड कमी होते. पण यातही एक मेख आहे. या चाचणीतले 'साधारण' तापमान सुमारे ९० ते २०० अंश असते. आपल्याकडच्या डिसेंबरच्या सकाळबद्दल ही अक्षरे काहीच सांगत नाहीत. त्यासाठी पॅड बनवणाऱ्याने दिलेले किमान तापमान वाचावे लागते.

कंपनीचा पार्टही कधी गैरसोयीचा ठरतो

कंपनीचे तेच बरोबर, असाही नियम करता येत नाही. पोर्शेने २००१ साली ९११ जीटी२ या गाडीत सिरॅमिक डिस्क आणल्या. लोखंडी डिस्कच्या तुलनेत त्या सुमारे निम्म्या वजनाच्या असतात, गंजत नाहीत आणि रस्त्यावर खूप वर्षे टिकतात. तरीही गाडी नेहमी ट्रॅकवर नेणारे बरेच मालक त्या काढून ठेवतात आणि लोखंडी डिस्क बसवतात. ट्रॅकवरच्या सततच्या उष्णतेत सिरॅमिक डिस्क झिजली तर नवीन डिस्कचा खर्च प्रचंड असतो, लोखंडी डिस्क त्या मानाने स्वस्तात बदलता येते. त्यांच्यासाठी बाहेरची साधी लोखंडी डिस्क हाच शहाणपणाचा निर्णय आहे. आणि ट्रॅकवर कंपनीचे रस्त्याचे पॅड घालून उतरणारा माणूस माझ्याइतकीच मोठी चूक करत असतो, फक्त उलट्या बाजूने.

म्हणून मला आता 'कंपनीचे की बाहेरचे' हा प्रश्न दुसरा वाटतो. पहिला प्रश्न असा : हा पार्ट कोणत्या कामासाठी बनवला आहे आणि माझी गाडी ते काम करते का? मामांची गाडी ऑफिसला जाते, चिऊला शाळेत सोडते आणि वर्षातून चार वेळा डोंगर चढते. तिला पहिल्याच दाबाला, कोणत्याही हवेत धरणारा पॅड हवा होता. मी तिला वर्षातून एकदाही न येणाऱ्या ७०० अंशांसाठी तयार केले.

घ्यायला येणाऱ्या पालकांसाठी

आपल्या एमटी सेक्शनमध्ये रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी फर्स्ट परेड होते. तेल, पाणी, हवा, गळती, ब्रेक, सगळे तपासूनच गाडी बाहेर पडते. तीच शिस्त घरच्या गाडीला लावली तर पाच मिनिटे लागतात.

१. ब्रेक ऑइलची पातळी बघा आणि ते दर दोन वर्षांनी बदला. हे ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ ऑइल नवीन असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळायचे नाही, अशी अट असते. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्या उतारावर हा फरक जाणवू शकतो.

२. पॅडची जाडी मेकॅनिककडून बघून घ्या. नवीन पॅड किंवा डिस्क बसवल्या असतील तर डोंगरात येण्याआधी सपाट, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून अनेकदा हळू होऊन त्या सेट करून घ्या.

३. सकाळी निघाल्यावर उतार लागण्याआधी, मागेपुढे कोणी नाही हे पाहून दोन-तीनदा ब्रेक दाबून बघा. आम्ही एवढे केले असते तरी ते पहिले वळण टळले असते.

४. उतारावर खालचा गिअर ठेवा. ब्रेक सतत दाबून धरू नका. गरजेपुरता दाबा, सोडा, त्याला गार होऊ द्या.

५. दुकानदाराला किंवा गाड्यांचे वाचणाऱ्या भाच्याला विचारायला हरकत नाही. पण त्याला खालचे तापमानही विचारा.

मामांनी आता कंपनीचे पॅड, साध्या डिस्क आणि नवीन ब्रेक ऑइल घातले आहे. या खेपेला त्यांनी मला विचारले नाही, मीच फोनवर सगळे सांगितले. ते कोण निवडले होते, हे मामीला मात्र मी अजून सांगितले नव्हते. मामी, ते पॅड मी निवडले होते. मामांची चूक नव्हती आणि गॅरेजवाल्याचीही नव्हती. चिऊच्या ओठावर जी बारीक खूण राहिली आहे ती माझ्या अर्धवट वाचनामुळे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलो की मी हे तुझ्यासमोरही सांगेन. तोपर्यंत हे पान चिऊलाही वाचून दाखव.

– कॅडेट, इयत्ता दहावी